गड चढणारे हे आणि पायथ्याशी मी

“ताई, तूच सांग, ह्या वर्षी आम्ही उतरावं तरी कुठं?” असं विचारायला माझ्या मावसबहिणीचा फोन आला तेव्हा माझ्या कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती आणि शाळेत जायला वीस मिनिटं उरली होती.

तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली. नवरा हुशार, स्वभावानं गरीब, पण त्याला बर्फावरून घसरत जायच्या खेळाचं, त्या स्कीइंगचं, जबरदस्त वेड! मागच्या जानेवारीत तो हिला औलीला घेऊन गेला. “सकाळी पायांना त्या लांब पट्ट्या बांधून निघायचा तो संध्याकाळी लाल नाक घेऊन परत यायचा,” ती सांगत होती. “आणि मी खोलीत दोन रजया पांघरून खिडकीतून पांढरं पांढरं बघत बसायची. बाहेर पडावं तर पाय घसरतो, आत बसावं तर जीव आंबतो. ह्या वर्षी गुलमर्ग म्हणतोय. तू एवढी वर्षं भाऊजींबरोबर जातेस, म्हणून तुला विचारते.”

मला हसूच आलं. आमच्या भिवंडीत बर्फ दिसतो तो मासळीबाजारात, नाहीतर उसाच्या रसाच्या गाडीवर! पण हसून झाल्यावर वाटलं, हिचा प्रश्न आणि माझा प्रश्न एकच आहे की. नवऱ्याला डोंगराचं वेड, आपल्याला ते झेपत नाही, मग थंडीच्या सुटीत दोघांनी मिळून जायचं कुठं आणि मुक्काम टाकायचा कुठं? फोनवर काही तिला धड सांगता आलं नाही. म्हणून इथं लिहिते. तुमच्यापैकीही कितीतरी जणी पायथ्याशी बसून राहिल्या असतील.

आमचे हे गडवेडे. सहा दिवस नाशिक हायवेजवळच्या एका गोदामात हिशेबाच्या वह्या, म्हणजे आता कॉम्प्युटर, बघतात. थंडी पडायला लागली की रविवारी पहाटे चारला ह्यांचा गजर वाजतो आणि पाठीवर पिशवी चढते. मी लहानपणापासून दम्याची. त्यात आमच्या गल्लीत दोन्हीकडे यंत्रमाग. खटखटीची सवय होते हो, ती थांबली तर उलट झोप लागत नाही. पण सुताचा बारीक कापूस खिडकीच्या जाळीवर बसतो तो काही छातीला मानवत नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, चढायला नाही. दोन जिने चढले की माझा भाता सुरू होतो. तेव्हा गड चढणं माझ्या नशिबात नाही, हे मी केव्हाच मान्य केलं आहे. रडत बसण्यासारखं त्यात काही नाही.

मुक्काम कसा निवडू नये ते आम्हांला माहुलीनं शिकवलं.

माहुली आमच्या शेजारच्याच तालुक्यात, शहापुरात. ठाणे जिल्ह्यातला सगळ्यांत उंच गड. १६३६ साली शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांनी इथंच वेढलं होतं. कल्याणहून लोकलनं आसनगाव, तिथून रिक्षानं पायथ्याचं माहुली गाव. लेक तेव्हा चार वर्षांची. ह्यांच्या ग्रुपमधले आठजण होते. हे म्हणाले, “तू पण चल ना! पायथ्याला देऊळ आहे, झाडी आहे, छान बसशील. आम्ही एकपर्यंत खाली येतोच.” मलाही वाटलं, नवरा निदान बोलावतोय तरी! पुऱ्या-बटाट्याची भाजी केली, सतरंजी घेतली.

एक वाजला, दोन वाजले, चार वाजले. फोनला रेंज नाही. डब्यातलं संपलं, बाटलीतलं पाणी संपलं. लेकीला शूला न्यायचं तर झुडपामागं, आणि माझं काय ते मी कुणाला सांगू? गावातल्या बायका येता-जाता बघत होत्या, मी ओशाळी होऊन उगाच पिशवी आवरत होते. डिसेंबरचा दिवस तो, सहाला काळोख. साडेसहाला विजेरीचे ठिपके उतरताना दिसले. एकाचा पाय मुरगळला होता, त्याला धरून धरून आणावं लागलं. म्हणजे रागवायलाही जागा नाही! तोच माझा जास्त संताप. त्या गडावर नवरा, नवरी आणि भटोबा अशी नावं असलेले सुळके आहेत. हे परत येताना त्यांचं वर्णन करायला लागले, तेव्हा मी एवढंच म्हटलं, “वरची नवरी बघून आलात, खालचीला आता घरी न्या.” कल्याण येईपर्यंत मग दोघांत एक शब्द नाही.

त्यानंतरचे तीन हिवाळे हे एकटे गेले आणि मी घरी राहिले. भांडण म्हणाल तर नाही. ह्यांचा रविवार वेगळा आणि माझा वेगळा, इतकंच. मी पापड, वह्या तपासणं, लेकीचा अभ्यास ह्यात. हे रात्री धुळीनं माखून यायचे, जेवायचे, झोपायचे. कुठं गेलात, काय बघितलंत, हे विचारायचंही मी सोडून दिलं होतं. आणि सांगायचं ह्यांनी सोडलं होतं. एकदा लेकीनं शाळेत ‘आमची सहल’ हा निबंध लिहिला. त्यात तिनं लिहिलं होतं, ‘बाबा गडावर जातात. मी आणि आई घरी असतो.’ सहल संपली! बाईंनी वहीत ‘आणखी लिही’ असा शेरा दिला होता. त्या बाई माझ्याच शाळेतल्या. मला फार लागलं ते.

मग झाली दुसरी चूक, उलट्या बाजूची. ह्यांनी माझ्यासाठी म्हणून महाबळेश्वर ठरवलं. पॉइंट झाले, स्ट्रॉबेरी झाली, घोड्यावर लेकीचा फोटो झाला. मला काही त्रास नव्हता. पण हे खोलीच्या गॅलरीत उभं राहून समोरच्या डोंगराकडे असे बघायचे की जसा उपासाचा माणूस पंगतीकडे बघतो. एका सकाळी प्रतापगडला जाऊन आले, तेवढंच. एका शब्दानं कुरकुर केली नाही, आणि कुरकुर न करणाऱ्या नवऱ्यापुढं बसून क्रीम खायचं म्हणजे काय असतं, ते ज्या बसल्यात त्यांनाच ठाऊक.

पुढच्या दिवाळीनंतर एका रात्री मीच विषय काढला. मुलांना शिकवायचा महाराष्ट्राचा नकाशा घरी आणला होता, तो ताटं उचलल्यावर जमिनीवर पसरला आणि म्हटलं, “तुम्हांला कुठले गड करायचे त्यांची नावं सांगा. गाव मी निवडणार.”

ह्यांना आधी कळेचना. म्हणाले, “पायथ्याचं गाव तर ठरलेलंच असतं.” मी म्हटलं, “ते तुमच्यासाठी. जो वर जाणार त्याला मुक्कामाशी काय करायचंय? तुम्ही पहाटे जाणार, संध्याकाळी येणार, पाठ टेकायला जागा झाली की झालं. दिवसभर राहणार ती मी. तेव्हा जागा राहणारणीच्या सोयीची हवी. तासभर आधी उठायचं असेल तर ज्याला चढायचंय त्यानं उठावं.”

ह्यांनी नावं सांगितली, मी एकेक गाव तपासलं. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं पाचनई ह्यांच्या मते सर्वोत्तम, कारण वाट तिथूनच चढते. मी विचारलं, “चढायचं नसेल तर पाचनईत काय आहे?” हे जरा वेळ आठवत बसले आणि मग गप्प झाले. पाचनई बाद. आसनगाव-शहापूर जवळचं, मानस मंदिर आहे, पण ते दोन तासांत होतं. शिवाय माहुलीची कटू आठवण. इगतपुरी स्टेशनची सोय म्हणून चांगली. पण धम्मगिरीला जायचं तर शिबिरालाच जायला हवं, दुपारी डोकावून यायची ती जागा नव्हे. जुन्नर मला आवडलं होतं. ह्यांना चावंड, हडसर, जीवधन. मला ओझर, आणि लेण्याद्री पायऱ्या थांबत थांबत. ते आम्ही पुढल्या वर्षासाठी ठेवलं. शेवटी बोट थांबलं ते भंडारदऱ्यावर, म्हणजे धरणालगतच्या शेंडी गावावर. कळसूबाईला जाणारे बहुतेक सगळे बारी गावात उतरतात, कारण वाट बारीतून आहे. मी बारी नको म्हटलं. शेंडीत दुकानं आहेत, एसटी थांबते, पाणी बघायला आहे आणि सपाटीवर हवं तेवढं चालायला आहे. एक अट मात्र मी घातली. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा नको. तळ्याकाठी तेव्हा तंबूच तंबू लागतात आणि रात्रभर कर्णे वाजतात असं ऐकलं होतं. खटखट ऐकायची तर आपली भिवंडी काय वाईट आहे! म्हणून संक्रांतीनंतरचे मधल्या वारांचे चार दिवस ठरवले. मी रजा टाकली. लेकीची चार दिवस शाळा बुडाली, ते एका मास्तरणीनं लिहू नये, पण बुडाली.

जाताना आम्ही रेल्वेनंच गेलो. आमच्याकडे मोटारसायकल आहे, मोटार नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. हे आमणे आमच्या भिवंडी तालुक्यातलंच, पण त्या रस्त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी जरूर फायदा घ्यावा. आम्ही कल्याणहून गाडी धरून इगतपुरी, तिथून जीपनं घोटी आणि घोटीहून एसटीनं पस्तीसेक किलोमीटर शेंडी. कसारा घाट दिवसाउजेडी बघायला मिळाला.

सामानाचं सांगते, कारण बायका आधी तेच विचारतात. थर्मास दोन घ्या, एक पुरत नाही. लोकरीचे मोजे हातासाठी नसले तरी पायांसाठी हवेतच. जानेवारीत तिथं रात्रीचा पारा दहाच्या खाली जाऊ शकतो आणि फरशी बर्फासारखी होते. रोख पैसे न्या; रेंज गेली की फोनवरचे पैसे काय कामाचे? मुगाची डाळ-तांदूळ भाजून, तिखट-मीठ-हिंग घालून पुडी नेली होती, जिथं उतरलो तिथल्या वहिनींनी चुलीवर खिचडी करू दिली. दमेकरी बहिणींनी आपला पंप एक नाही, दोन न्यावेत आणि ते वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावेत. पहाटेची कोरडी थंड हवा धुळीइतकीच वाईट. मी ऊन चांगलं वर येईपर्यंत उंबऱ्याबाहेर पाय टाकत नव्हते, आणि टाकला की नाकातोंडावरून ओढणी.

पहिल्या दिवशी ह्यांची कळसूबाई. चारला उठून, खोलीतला दिवा न लावता, चपला हातात घेऊन गेले. आठला आम्ही मायलेकी चहा घेऊन बाहेर ओट्यावर बसलो. तळ्यावरून धुकं उठत होतं. घरमालकीण वहिनींनी कळसूबाईची गोष्ट सांगितली, ती मला इतकी आवडली की इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. कळसू म्हणे कोळ्याची पोर. पाटलाकडे कामाला राहिली ती अट घालून. बाकी हवं ते काम सांगा, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही! एक दिवस घरी पाहुणे फार आले आणि तिला तेच करायला लावलं. तिनं भांडी घासली, केर काढला, आणि सरळ डोंगरावर निघून गेली ती कायमची. आज ती महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखरावर, १६४६ मीटरवर बसलीय. मी म्हटलं, वहिनी, भिवंडीत असे डोंगर असते तर एकेकीला एकेक पुरलं नसतं!

साडेदहाला ह्यांचा फोन आला. “देवळाशी आहे. आता उतरतोय. तीनला येतो.” हे आमचं आधीच ठरलं होतं. वरून निघताना फोन करायचा आणि येण्याची वेळ सांगायची ती तासभर वाढवून सांगायची. डोंगरवाले लोक नेहमी कमी वेळ सांगतात. खोटं नाही बोलत, त्यांना खरंच तसं वाटतं. आपण आपल्या मनानं वाढवून घ्यावी. पण सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तीन वाजेपर्यंत मला माझी कामं होती. धरणाकडे चालत जाऊन यायचं होतं. प्रवरेवरच्या ह्या धरणाचं काम १९१० ला सुरू झालं आणि १९२६ ला संपलं. ८२ मीटर उंचीची ती दगडी भिंत बघून लेक म्हणाली, “आई, हे माणसांनी केलं?” मग बाजारात वाटाणा घेतला, सोलत ओट्यावर बसलो. हे पावणेतीनला आले, दमलेले, खुशीत. आणि कितीतरी वर्षांनी मी विचारलं, “काय काय बघितलंत?” लोखंडी शिड्या कशा हलतात इथपासून सगळं ऐकलं. ह्यांना अगदी निगुतीनं सांगता येतं, हे मी विसरलेच होते.

दुसरा दिवस रतनवाडीचा. शेंडीहून तळ्याच्या कडेकडेनं जीपनं वीसेक किलोमीटर. तिथून हे रतनगडावर जाणार, आम्ही दोघी पायथ्याच्या अमृतेश्वराच्या देवळात थांबणार. पायथ्याला देऊळ आहे, छान बसशील, हेच शब्द पुन्हा! माझ्या पोटात गोळा आला होता, खरं सांगते. पण ह्या वेळी मी वही, पेन्सिली आणि पाण्याच्या तीन बाटल्या घेऊन गेले होते.

अमृतेश्वराचं देऊळ बघायला मिळावं म्हणून तरी प्रत्येकीनं एकदा रतनवाडीला जावं. काळ्या दगडाचं, शिलाहारांच्या काळातलं. झंझ नावाच्या शिलाहार राजानं बारा नद्यांच्या उगमांशी बारा शिवालयं बांधली, त्यांतलं हे प्रवरेचं, असं सांगतात. आपल्याकडच्या बायकांनी अंबरनाथचं १०६० सालचं देऊळ पाहिलेलं असतं, त्याच घराण्यातलं काम. अहो, आमच्या भिवंडी तालुक्यातल्या लोनाडलाही शिलाहारांच्या खुणा आहेत, आणि मी तिथं अजून गेले नाही, लाज वाटते सांगायला! देवळाजवळच कोनाड्याकोनाड्यांत मूर्ती बसवलेली रेखीव पुष्करणी आहे. मी शिखरावरच्या नक्षीतल्या वेली आणि चौकटी वहीत उतरवायला लागले. शाळेत रांगोळीचा तास माझ्याकडे असतो, तेव्हा तेच ते ठिपके किती वर्षं द्यायचे? ह्या नक्षीतून मी नंतर चौदा नव्या रांगोळ्या बसवल्या.

अकराच्या सुमाराला डोक्यावर पाटी घेतलेल्या एक मावशी थांबल्या. वहीत डोकावल्या. “मालक गडावर गेलं व्हय?” मी हो म्हटलं. “मंग तुमी का नाय गेल्या?” मी छातीवर हात ठेवून दम लागतो असं दाखवलं. त्या हसल्या. “आमीबी जातो वर, पन गुरांमागं. उगं कोन चढतंय!” आणि म्हणाल्या, चला घरी, पाणी प्या.

पाणी प्यायला गेले ती कितीतरी वेळ राहिले. मावशींच्या अंगणात उखळात वरई कांडणं चाललं होतं. लेकीनं मुसळ उचलायचा हट्ट धरला, दोन घाव घातले आणि तिसऱ्याला बसली. उपासाला आपण ज्या वरीच्या तांदळाचा भात करतो तो इतक्या कष्टांनी पांढरा होतो, हे मला छत्तीस वर्षांत माहीत नव्हतं. मावशींनी घरचं बियाणं दाखवलं, राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं. ह्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांचं नाव काढलं तर मावशींचा चेहरा असा फुलला की जणू माहेरची गोष्ट निघाली. आणखी एक गोष्ट निघाली. ब्रिटिशांविरुद्ध लढलेले राघोजी भांगरे ह्याच मुलखातले. त्यांना २ मे १८४८ रोजी आमच्या ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. मी ठाण्याची लेक, रोज त्या तुरुंगाच्या भिंतीजवळून शाळेत जायची, पण हे नाव मला माहीत झालं ते मोठेपणी. मावशींच्या नातवाला ती तारीख पाठ होती. सगळं गोड गोडच नव्हतं हं. मी धरणाचं कौतुक केलं तेव्हा मावशी म्हणाल्या, पाणी खाली उसाला जातं, उन्हाळ्यात आम्ही हंडे घेऊन फिरतो. त्यावर मी काय बोलणार? आमच्या नळाला पाणी एक दिवस आलं नाही तर गल्ली डोक्यावर घेणारी मी!

नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं कालवण जेवून, दोन माप वरई विकत घेऊन, आम्ही देवळाकडे निघालो तेव्हा घड्याळात पाहिलं तर तीन वाजून गेलेले. ह्यांना मी दोनला सांगितलं होतं!

हे पुष्करणीच्या पायरीवर बसले होते. बाजूला आमची सतरंजी, मोकळी बाटली. मला पाहिल्याबरोबर उभे राहिले आणि चढ्या आवाजात म्हणाले, “अगं होतीस कुठं? तासभर वाट बघतोय! फोन लागत नाही, कुणाला विचारावं तर—” आणि मधेच थांबले. लेक हातातली वरईची पुडी दाखवत होती, तिकडे बघत राहिले. मग खाली बसले.

थोड्या वेळानं म्हणाले, “माहुलीला साडेपाच तास झाले होते, नाही?”

“हो,” मी म्हटलं.

एवढंच. पुढं आम्ही त्यावर काही बोललो नाही. येताना जीपमध्ये ह्यांनी नेढ्यातून येणाऱ्या वाऱ्याचं सांगितलं, मी मुसळाचं सांगितलं, लेक मध्येच झोपली.

आता माझ्या बहिणीचं. तिला मी रात्री निवांत फोन केला आणि आधी विचारलं, औलीला तुझ्या खोलीपासून चालत जाता येईल असं काय होतं? म्हणाली, बर्फ. तिथंच सगळं आलं! औली म्हणजे उतारच, वस्ती आणि बाजार खाली जोशीमठला. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली तेव्हा दोन्हींना जोडणारा रोपवेही बंद ठेवावा लागला. घसरणाऱ्याची चैन, बसणारीची कोंडी. गुलमर्ग त्यामानानं बरं, कारण तिथल्या गोंडोल्यात न घसरणाऱ्यालाही बसता येतं, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत; पण तिकिटं आधीच काढून ठेवायला हवीत आणि गोंडोला एकदा होतो, दिवस चार असतात. मी तिला मनाली सुचवलं. त्यानं सकाळी उठून सोलंगला जावं, चौदा-पंधरा किलोमीटर तर आहे. हिला गावात बाजार आहे, देवदारातलं हिडिंबेचं देऊळ आहे, वशिष्ठला गरम पाण्याची कुंडं आहेत, बायकांचं वेगळं. आपल्या वज्रेश्वरी-अकलोलीसारखंच समज म्हटलं, फक्त बाहेर बर्फ. एखाद्या दिवशी नग्गरला रोरिक ह्या रशियन चित्रकाराचं घर आणि चित्रं बघता येतील.

“पण तो म्हणतो सोलंगला बर्फाचा भरवसा नाही,” ती म्हणाली.

मी म्हटलं, बर्फाचा भरवसा हल्ली कुठंच नाही. २०२४ च्या जानेवारीत खुद्द गुलमर्गच कोरडं पडलं होतं, पेपरात फोटो आले होते. आणि बर्फ पडलाच नाही तर तोही तुझ्यासारखाच न घसरणारा होईल, मग त्यालाही खोलीबाहेर काहीतरी लागेलच ना! हे तिला पटलं. दोन दिवसांनी तिनं कळवलं की मनालीचं ठरलं, तिनंच ठरवलं, आणि तो पहाटे लवकर उठायला कबूल आहे.

तिच्यासाठी लोकरीचे दोन जोड मोजे विणायला घेतलेत. एक झाला. दुसरा जुन्नरला जाताना गाडीत पुरा करीन. ह्या वर्षी हे चावंड आणि हडसर म्हणतायत, आणि लेक म्हणतेय, एक दिवस मी बाबांबरोबर वर जाणार आणि एक दिवस आईबरोबर खाली राहणार.